खिळ्यावरची गाठ

टपालाच्या पिशवीमुळे मला गावातली सगळी दारं ठाऊक आहेत.
कुठलं चिकटतं, कुठलं वाऱ्याने आपोआप उघडतं,
कुठल्या दारामागे कुत्रा आहे
आणि कुठल्या दारामागे आता कुणीच नाही.

फॅरोच्या या बेटावर
उजेडाला दहा वाजतात अशा महिन्यांत
गुरुवारी काही खिळ्यांवर मासा टांगलेला असायचा.
बहुधा हॅडक. कधी कॉड, पोट साफ केलेला,
कल्ल्यातून ओवलेली सुतळी
आणि सुतळीला एक विचित्र गाठ:
एका बाजूने ओढलेली, दुसऱ्या बाजूने चावलेली.

म्हाताऱ्या मालानच्या दारावर. सुन्नेवाच्या,
जिचा नवरा बोटीसकट गेला.
शाळेमागे राहायला आलेल्या परक्या कुटुंबाच्या,
ज्यांच्यात आमची भाषा फक्त धाकट्या पोरीला येते.
आणि आयदुनच्या.

आयदुन म्हणजे सीमुनचा सख्खा भाऊ.
मेंढरांच्या कुंपणावरून एकोणीस वर्षं
दोघांत शब्द नाही.
चर्चमध्ये एक या भिंतीला, एक त्या भिंतीला.
मधे छताला टांगलेली लाकडी नाव
दोघांच्या डोक्यावर सारखीच हलायची.

सीमुन काही संत नव्हता.
शिव्या द्यायचा, दुकानात उधारी, गाताना बेसूर,
आणि डावा हात मनगटापासून गेलेला,
ट्रॉलरच्या रहाटात, आइसलंडच्या दक्षिणेला,
लग्नाला आठ दिवस राहिले असताना.
लग्न मग झालंच नाही.

एका रविवारी पाळकांनी शुभवर्तमानातला तो भाग वाचला,
या हाताचं देणं त्या हाताला कळू नये, तो.
मंडळी गीतपुस्तकात डोकं घालून बसली.
कुणीतरी खोकलं.
हसला फक्त सीमुन, तोही मोठ्याने:
"माझ्या डाव्याला कसं कळणार?
तो तर कधीच माशांच्या पोटात!"
पाळक नवे होते. त्यांना पुढची ओळ सापडेना.

गावाला माहीत होतंच हो.
गाठ कुणाची, ते पोरंसुद्धा सांगतील.
पण मालान म्हणायची, "वाऱ्याने आणला असेल,"
आणि सुन्नेवा, "माझा बोका हल्ली फार शहाणा झालाय."
कळूनही न कळल्यासारखं वागणं
हेही एक देणं असतं. ते आम्ही त्याला दिलं,
वर्षानुवर्षं, पावती न घेता.

आयदुन मात्र काहीच म्हणायचा नाही.
मासा काढायचा, दार लावायचा.
सुतळी फेकत नसे.
त्याच्या खिडकीत मी पाहिलीये
सुतळ्यांनी भरलेली बरणी,
एकही गाठ न सोडलेली.

गेल्या हिवाळ्यात सीमुन वारला. बुधवारी पुरलं.
वारा असा, की शवपेटी धरायला सहाजण पुरेनात.
सातवा मी टपालवाली.
आठवा आयदुन, न बोलावता आलेला.
त्याने डावी बाजू धरली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी उगाचच लवकर निघाले.
विजेरीच्या उजेडात मालानचा खिळा: हॅडक.
सुन्नेवाचा: हॅडक. शाळेमागचा: दोन, लहान.
सुतळीला तीच गाठ, पण कच्ची,
शिकाऊ, चार ठिकाणी चावलेली.
दंवाने पांढऱ्या झालेल्या गवतात पावलं होती,
कुंपणाच्या बाजूने आलेली, तिकडेच परत गेलेली.
मी विजेरी विझवली.

आयदुनचा खिळा तेवढा रिकामा होता.
जन्मात पहिल्यांदाच कुणी पुसल्यासारखा.

संध्याकाळी बंदरावरून एक मासा घेतला.
पिशवीत पत्रांखाली लपवला; लाइटबिलांना आठवडाभर वास येत होता,
कुणी तक्रार केली नाही.
त्याच्या दाराशी उभी राहिले, सुतळी दातांत धरली.
खारट. गाठ सुटली. पुन्हा घातली. पुन्हा सुटली.
दोन्ही हातांनी क्षणात झाली असती.

डावा हात कोटाच्या खिशात होता,
उबेत, किल्ल्यांशी चाळा करत.
काय चाललंय, असं विचारत होता बहुतेक.
मी त्याला सांगितलं नाही.